बाटली नको, पेला चालेल

विश्वनाथ हर्डीकरांच्या प्रामाणिकपणाचा त्यांच्या नातेवाइकांना भयंकर त्रास होता. केंद्र सरकारात तीस वर्षं काढली, डायरेक्टर झाले, पण भाच्याच्या गॅस कनेक्शनसाठी कधी एक फोन केला असेल तर शपथ. दिवाळीत कोणी सुक्या मेव्याचा डबा आणला, की आणणारा जिना उतरायच्या आत डबा त्याच्यामागून उतरायचा. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात मुंबईहून आलेल्या साहेबांबरोबर जेवायला बसले तरी आपल्या थाळीचं कूपन हे स्वतः फाडणार. त्यांची बायको सुनीती म्हणायची, यांना कोणी नमस्कार केला तरी हे पावती देतील. तर अशा माणसाची ही गोष्ट आहे, आणि ती त्यांना शोभणारी नाही हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सगळं सुरू झालं ब्रसेल्समध्ये. तिथल्या आपल्या वकिलातीत त्यांना तीन वर्षांची नेमणूक मिळाली. घरमालक खालच्या मजल्यावर राहायचा, म्हातारा, विधुर, बोलका. पहिल्याच हिवाळ्यात त्याने यांना वर येऊन एक पेला दिला, तांबड्या बरगंडी वाइनचा. दिल्लीच्या करोल बागेतल्या मराठी घरात वाढलेला माणूस हा. तिथे दारू हा शब्द फक्त शिवी द्यायला वापरत. भिडेखातर एक घोट घेतला आणि तिथेच थांबले. नंतर सुनीतीला सांगताना म्हणाले की पावसात भिजलेली बाग, पिकलेली जांभळं आणि कुठेतरी जुनं चामडं, असं सगळं एकदम तोंडात आलं आणि मग एकेक करून निघून गेलं. सुनीतीला वाटलं, झालं, नवरा हातचा गेला.

नवरा हातचा गेला नाही. आठवड्याला दोन पेले, त्यावर थेंब नाही. म्हातारा त्यांना गाडीत घालून सुट्टीच्या दिवशी फ्रान्समध्ये बोन गावी न्यायचा. तिथे त्याने शिकवलं की द्राक्ष एकच, पिनो न्वार, डोंगराचा उतारही एकच; पण दगडी कुंपणाच्या अलीकडची वाइन वेगळी आणि पलीकडची वेगळी. उताराच्या पायथ्याशी साध्या बाटल्या, थोडं वर गावाच्या नावाच्या, त्याच्यावर प्रीमिए क्रू आणि मधल्या चिमूटभर पट्ट्यात ग्रां क्रू, ज्यांची किंमत ऐकून माणसाने पाणी प्यावं. विश्वनाथरावांची जीभ मात्र जात्याच विलक्षण निघाली. डोळे मिटून गाव सांगायचे. म्हातारा म्हणायचा, तुमचा जन्म चुकीच्या देशात झाला.

देश चुकीचा नव्हता, पगार चुकीचा होता. दिल्लीला परत आले आणि कळलं की आयात शुल्क आणि वरचे कर मिळून इथे बाटलीची किंमत चौपट होते. एकदा खान मार्केटमधल्या दुकानात शांबोल गावची एक बाटली दिसली. हातात घेतली, लेबल वाचलं, किंमत वाचली. मुलीच्या कॉलेजची सहामाही फी. जपून परत ठेवली आणि दुकानदाराला उगाचच, बहुत बढ़िया कलेक्शन है, असं म्हणून बाहेर पडले. दारुडे असते तर परवडलं असतं, कारण दारुड्याला काहीही चालतं. यांना तेच हवं होतं, आणि तेच परवडत नव्हतं. अंथरूण पाहून पाय पसरावे हे मान्य, पण जिभेला कुठलं अंथरूण? सात वर्षं त्यांनी एक थेंब चाखला नाही. थंडीत फिरायला गेले की पडलेल्या ओल्या पाचोळ्याच्या वासाने पोटात तुटायचं, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी तुटतं याची त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

मग नोव्हेंबरात एका हॉटेलात वाइन चाखण्याचा कार्यक्रम होता. वकिलातीतला जुना सहकारी श्याम, त्याला जास्तीचा पास मिळाला होता, तो यांना घेऊन गेला. कागदात गुंडाळलेल्या बाटल्या, कोणती कुठली ते ओळखायचं. लोक नाकं खुपसून मोठमोठं बोलत होते. विश्वनाथराव कोपऱ्यात बसून शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले की ही व्होलने गावची, वरच्या बाजूची, आणि ज्या वर्षी गारा पडल्या त्या वर्षीची असावी. कागद काढला तर व्होलने. शेजारचा माणूस त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला.

त्या माणसाचं नाव इंदरमोहन जुनेजा. साठीचा, पांढरी दाढी नीट कापलेली, आवाज मऊ. व्यवसाय कापडाचा, कारखाने पानिपतला, राहायला गुडगाव. पानिपत म्हटल्यावर मराठी माणूस जी कोटी करतो ती विश्वनाथरावांनी केली, आणि जुनेजा सभ्यपणे हसले. बिचाऱ्यांनी ती हजारदा ऐकली असणार. म्हणाले, माझ्या तळघरात दोनशे बरगंडी आहेत आणि त्या समजणारा एक माणूस माझ्या ओळखीत नाही. रविवारी या. सकाळी अकराला, जीभ ताजी असते तेव्हा.

आता इथे विश्वनाथरावांनी जे केलं ते फक्त सरकारी नोकरच करू शकतो. घरी येऊन त्यांनी वागणुकीच्या नियमांचं पुस्तक काढलं. तोंडपाठ होतं, तरी काढलं. भेटवस्तू घेऊ नये, घेतल्यास कळवावी, हे सगळं त्यात आहेच. पण त्याच कलमाखाली एक बारीक ओळ आहे, की प्रसंगोपात जेवण, गाडीतून सोडणं किंवा तत्सम सामाजिक आदरातिथ्य म्हणजे भेट समजू नये. त्या ओळीवर बोट ठेवून ते कितीतरी वेळ बसले. बाटली म्हणजे भेट. पेला म्हणजे आदरातिथ्य. इतकं सरळ! पहिल्या रविवारी निघताना जुनेजांनी अर्धी उरलेली बाटली कागदात गुंडाळून पुढे केली, तेव्हा विश्वनाथराव दोन पावलं मागे सरले. "बोतल नहीं, जुनेजासाहब. गिलास तक ठीक है." जुनेजांनी हात जोडले. या बाणेदारपणाचा विश्वनाथरावांना परतीच्या वाटेवर इतका अभिमान वाटला की आपण आताच दहा हजार रुपये पिऊन आलो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. हे मांजर तर नियम वाचून पीत होतं.

फेब्रुवारीपर्यंत असे पाच रविवार झाले. गुडगावच्या त्या तळघरात उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखाच गारवा, वीज गेली तरी जनरेटरवर. बाटलीचं बूच निघालं की जुनेजा आधी स्वतः वास घ्यायचे, मग विश्वनाथरावांचा पेला भरायचे आणि ते काय म्हणतात याची वाट बघायचे. आणखी दोघं-तिघं असायचे, एक निवृत्त डॉक्टर, एक वकील. त्यांना काही कळत नसे, पण विश्वनाथरावांनी मान हलवली की तेही हलवत. आयुष्यात पहिल्यांदा लोक विश्वनाथरावांचा हुद्दा नाही तर नाक बघून मान देत होते. सुख म्हणतात ते दुसरं काय असतं?

सुनीतीला हे रुचलं नव्हतं. एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "पाच वेळा झाल्यावर त्याला प्रसंगोपात म्हणतात का हो?" विश्वनाथराव चिडले. तिने पुढे असंही विचारलं की ते आपल्याला एवढं पाजतात तर आपण त्यांना एकदा घरी का बोलवत नाही, मी पुरणपोळी करीन. यावर ते काहीतरी पुटपुटले. खरं कारण असं की आर. के. पुरममधल्या त्यांच्या सरकारी इमारतीत वरखाली सगळे मंत्रालयातलेच राहायचे, आणि पानिपतच्या कारखानदाराची लांबलचक गाडी जिन्यापाशी उभी राहिलेली त्यांना नको होती. म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं. सुनीतीच्या ते लक्षात आलं, पण तीही दिल्लीत मुरलेली. चलो, तुमचं तुम्ही बघा, एवढंच म्हणून तिने पोळी तव्यावर टाकली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सरला मेश्रामांनी ब्लँकेटांची फाइल वर पाठवली.

सरलाताई विश्वनाथरावांच्या हाताखाली अंडर सेक्रेटरी होत्या. नागपूरच्या, चौतिशीच्या, परीक्षा देऊन स्वतःच्या हिमतीवर दिल्लीत आलेल्या. सहा वर्षांपूर्वी आल्या तेव्हा फाइलवर टिपणी कशी लिहायची हेही त्यांना येत नव्हतं. विश्वनाथरावांनी त्यांना बसवून शिकवलं. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, आणि ते कुणाच्या बापाला भिऊन खोडायचं नाही, हे त्यांचं वाक्य सरलाताई नव्या पोरांना ऐकवायच्या. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांशी हिंदी. साहेबांच्या खोलीत आल्या की मराठी.

फाइल अशी होती: डोंगरातल्या मदत छावण्यांसाठी चाळीस हजार लोकरी ब्लँकेटं. नमुना मंजूर झालेला, माल गोदामात आलेला, प्रयोगशाळेचा अहवाल ठीकठाक. पण सरलाताई स्वतः गोदामात गेल्या. वरवरच्या गठ्ठ्यांवरून नमुने घेतले गेले होते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हमालांना सांगून तळाचे तीन गठ्ठे ओढून काढले आणि तिथेच एकेक धागा काडीने पेटवून पाहिला. लोकर जळली तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते; नायलॉन जळलं की वितळून टणक मणी होतो. तिन्ही गठ्ठ्यांत मणीच मणी. गठ्ठ्यांचे क्रमांक, वजनं, सगळं लिहून शेवटी सरलाताईंनी शेरा मारला होता की माल नाकारावा. सोबत एक ब्लँकेट जोडलं होतं.

विश्वनाथरावांनी ते हातात घेतलं आणि त्यांना कळलं. प्रयोगशाळा नको, काडी नको. ज्या माणसाला कुंपणाच्या अलीकडचं द्राक्ष आणि पलीकडचं द्राक्ष कळतं त्याला लोकर कळणार नाही? हलकं, कोरडं, ऊब नसलेलं. खाली सही करायची एवढंच बाकी होतं. पेन काढलं, आणि सवयीने पुरवठादाराच्या कागदावर नजर टाकली. पानिपत. मालकाच्या रकान्यात इंदरमोहन जुनेजा.

त्यांचे कान तापले. जुनेजांनी आजवर या मालाचं अवाक्षर काढलं नव्हतं. पण आपण तरी कधी विचारलं होतं का, की पानिपतला तुम्ही नेमकं काय विणता? नाही विचारलं, कारण उत्तर आलं असतं तर रविवार बुडाला असता. तेव्हाही रस्ता सरळ होता. दोन ओळी लिहायच्या, की या गृहस्थांशी माझा परिचय आहे, सबब फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी. सरकारात हे रोज होतं. पण मग जॉइंट सेक्रेटरी विचारणार, परिचय कसला? आणि हर्डीकरांना तोंडाने सांगावं लागणार की पाच रविवार त्यांच्या घरी जाऊन पितो. हर्डीकर! कूपन फाडणारे! ते कॉरिडॉरमधलं हसू त्यांना आत्ताच ऐकू यायला लागलं.

म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही. सहीसुद्धा केली नाही. कडेला लिहिलं, प्रयोगशाळेचा अहवाल अनुकूल असताना वरील निष्कर्षाची फेरतपासणी व्हावी. असं लिहिलं की फाइल खाली जाते आणि पडून राहते. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. त्यांनी कुणाचंही काम केलं नव्हतं, कुणाचं बिघडवलंही नव्हतं, अशी स्वतःची समजूत घालून ते घरी गेले. जेवण गेलं नाही.

तीन दिवसांनी जुनेजांचा फोन आला. रविवारी एक ग्रां क्रू उघडणार होते, व्होन-रोमाने गावाजवळच्या त्या मधल्या पट्ट्यातली, पंचवीस वर्षं जुनी. त्या मळ्याच्या भिंतीवर विश्वनाथराव एकदा म्हाताऱ्याबरोबर डबा उघडून बसले होते. आत काय पिकतं हे त्यांना फक्त ऐकून माहीत होतं. या जन्मी चाखायला मिळणार नाही असं धरूनच ते चालले होते. त्यांनी स्वतःला सांगितलं की जायचं ते एवढ्यासाठीच, की समोरासमोर बसून त्यांना सांगायचं, जुनेजासाहब, आता माझं येणं बंद. अशी गोष्ट फोनवर सांगणं बरं दिसत नाही. सुनीती दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडे न पाहता फोन ठेवला.

रविवारी तळघरात डॉक्टर आणि वकील आधीच येऊन बसले होते. जुनेजांनी बूच अलगद काढलं, नेहमीप्रमाणे वास घेतला आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता पेले भरले. विश्वनाथरावांनी पेला नाकापाशी नेला.

ओला पुठ्ठा. पावसाळाभर बंद राहिलेल्या पेटीचा, बुरशीचा वास. बुचाला बुरशी धरली की अख्खी बाटली अशी होते, मग ती शंभराची असो की लाखाची. याला इलाज नाही आणि यात कुणाचा अपमानही नाही. बोनमध्ये एकदा त्यांनी एका मळेवाल्याला त्याच्या तोंडावर हे सांगितलं होतं, तर त्याने आभार मानून दुसरी बाटली उघडली होती. सांगायचं फक्त एवढंच होतं, साहेब, ही गेली.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. विश्वनाथरावांच्या डोळ्यांपुढे ते ब्लँकेट आलं, फाइलच्या कडेचं स्वतःचं अक्षर आलं. जो माणूस तिकडे खोट्या मालाला खोटा म्हणाला नाही, तो इकडे कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि खाल्ल्या मिठाला जागायची सवय किती झटकन लागते! त्यांनी घोट घेतला, तो नासका घोट जिभेवर फिरवला, गिळला आणि म्हणाले, "क्या गहराई है." डॉक्टरांनी डोळे मिटून, गहराई, गहराई, असं म्हटलं. वकिलांनी पेला उजेडाकडे धरला. बाटली संपेपर्यंत सगळे ते पुठ्ठ्याचं पाणी आनंदाने प्याले, आणि विश्वनाथरावांनी दुसरा पेलाही घेतला, कारण नाही कसं म्हणणार? येणं बंद, हे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

निघताना जुनेजा त्यांना गाडीपर्यंत सोडायला आले. बाहेर छान ऊन होतं. दार उघडून धरत ते नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "हर्डीकरसाहब, बोतल ख़राब थी. सूँघते ही पता चल गया था. आपको भी." जुनेजा म्हणाले, "वैसी ही एक और रखी थी मैंने. आप कहते तो खोल देता. आपने कहा नहीं." आणि मग त्यांनी विश्वनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवला, पहिल्यांदाच, जसा आपण आपल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो. फाइलचं नाव त्यांनी तेव्हाही काढलं नाही. काढायची गरज उरली नव्हती.

गुडगाव ते आर. के. पुरम हा रस्ता विश्वनाथरावांनी कसा कापला हे त्यांना सांगता येणार नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, ते त्यांना चौपन्नाव्या वर्षी कळलं. कुणी त्यांना विकत घेतलं असतं तर निदान भाव तरी झाला असता. इथे त्यांना नुसतं चाखून पाहिलं होतं.

सकाळी मात्र त्यांना हुशारी आली. अजून काय बिघडलंय? फाइल आपल्याच विभागात आहे. मागवून घ्यायची, सरलाताईंच्या टिपणीखाली सही ठोकायची, माल नाकारायचा, आणि पुन्हा गुडगावचं तोंड बघायचं नाही. कुणाला काही कळायचं कारण नाही. या विचाराने त्यांना इतकं बरं वाटलं की ऑफिसात जाऊन त्यांनी चहाही मागवला. चहा यायच्या आत सरलाताई फाइल घेऊन आत आल्या. चेहरा ओढलेला होता. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, माझी चूक झाली होती. नवीन टिपणी लावली आहे, माल स्वीकारावा म्हणून."

विश्वनाथरावांनी फाइल उघडली. खरंच, पानावर क्रमांक पडलेला, सही झालेली, तारीख आजची. आधीचा निष्कर्ष घाईचा होता असं सरलाताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. त्यांनी विचारलं की असं का केलंत. मग सरलाताईंनी सांगितलं. साहेबांचा शेरा वाचल्यापासून त्यांना झोप नव्हती. आठ दिवस त्या तेच तपासत होत्या. शनिवारी करोल बागेत जाऊन स्वतःच्या पैशाने एक चांगलं लोकरी ब्लँकेट विकत आणलं, घरी दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी ठेवली आणि डोळे मिटून हात फिरवत बसल्या. नवरा हसला, मुलगी हसली.

"दोन्ही जवळ ठेवून पाहिलं तरी मला तसंच वाटत होतं, सर," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही शंका घेतलीत. तुम्ही उगाच घेणार नाही. मग म्हटलं, आपल्याच हाताला कळत नाही."

विश्वनाथरावांना वाटलं होतं की आपण नुसतं गप्प बसलो. आपल्या गप्प बसण्याला एवढी किंमत आहे, आणि ती तीस वर्षांच्या कूपनांनी आलेली आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. जुनेजांना पैसे चारावे लागले नाहीत ते यामुळे. सगळ्या मंत्रालयात ज्या माणसाच्या शंकेवर कुणी शंका घेणार नाही, असा माणूस त्यांना मिळाला होता.

आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणीसुद्धा एक विचार त्यांच्या मनात आलाच. आता शिफारस सरलाताईंची होती. आपण खाली सही केली तर उद्या काही झालं तरी बोट सरलाताईंकडे जाणार. पेन हातात होतं. त्यांनी वर पाहिलं. सरलाताई शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या होत्या, चूक कबूल केल्यावर मास्तर काय म्हणतात याची वाट बघत.

"हात खोटा नाही तुमचा," विश्वनाथराव म्हणाले. "बसा."

त्यांनी लिहायला घेतलं. सरलाताईंची दुसरी टिपणी आता फाइलमधून निघणार नव्हती. सरकारी पान फाडता येत नाही. ती खोटी ठरवायची तर ती का लिहिली गेली ते लिहावं लागणार होतं, आणि ते खरं लिहायचं तर एकच कारण होतं. त्यांनी लिहिलं की पुरवठादार इंदरमोहन जुनेजा यांच्या घरी आपण नोव्हेंबरपासून सहा वेळा गेलो आणि परदेशी उंची मद्य घेतलं. हे आपण कळवलं नाही. फाइल दुसरीकडे पाठवायला हवी होती, ती पाठवली नाही. फेरतपासणीचा शेरा शंका होती म्हणून नव्हे, तर लाज वाटत होती म्हणून मारला. अंडर सेक्रेटरी मेश्राम यांचा पहिला निष्कर्ष बरोबर असून दुसरा त्यांनी आपल्यावरच्या विश्वासापोटी लिहिला, सबब त्यासाठी त्यांना जबाबदार धरू नये. सही केली, आणि कागद सरलाताईंकडे फिरवला.

सरलाताईंनी तो वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्या रागावतील, रडतील, असं विश्वनाथरावांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पहिला निष्कर्ष बरोबर असल्याच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं होतं, सर?"

"पहिल्या दिवशीच. हातात घेतलं तेव्हा."

"माझी टिपणी वाचायच्या आधी?"

"वाचून झाल्यावर. पण वाचली नसती तरी कळलं असतं."

सरलाताईंनी मान हलवली. फाइलच्या नाडीची गाठ मारायला घेतली आणि मध्येच थांबल्या. "मग हे आठ दिवस मी माझ्या हाताला काय काय म्हटलं," त्या म्हणाल्या, "ते कुठे लिहायचं, सर?"

टोमणा नव्हता तो. कुठे काय लिहायचं हे सहा वर्षं त्या यांनाच विचारत आल्या होत्या, तसंच त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थोडा वेळ थांबल्यासुद्धा. चहा घेऊन शिपाई आत आला, दोघांकडे पाहून कप टेबलावर ठेवून गेला. मग सरलाताईंनी गाठ मारली, फाइल उचलली आणि ती जॉइंट सेक्रेटरींच्या खोलीत नेऊन दिली.